लिंडनच्या लाकडातल्या तीन गाड्या : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, श्टुटगार्ट

कोल्हापूरहून आणलेल्या बाबांच्या पटाश्या दोन वर्षे फडक्यात गुंडाळून पडल्या होत्या. त्या आज बाहेर काढून धार लावली. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून ज्या हातांनी तीस वर्षे पंपांच्या आवरणांचे लाकडी पॅटर्न कोरले, त्या हातांचा घाट अजून मुठींवर दिसतो. काम ठरवले आहे ते असे : दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीत घडलेल्या, पण कारखान्यातून हजारोंच्या संख्येने कधीच बाहेर न पडलेल्या चार प्रवाहरेखित, म्हणजे हवा सहज अंगावरून सरकेल अशा आकाराच्या गाड्यांची १:१० प्रमाणात लाकडी मॉडेल्स करायची. एडमुंड रुम्प्लर यांची ट्रॉप्फेनवागेन म्हणजे थेंबगाडी, ग्योटिंगेनची श्लोरवागेन, बीएमडब्ल्यू ३२८ ची ‘काम कूपे’ (कूपे म्हणजे दोन दारांची बंद गाडी) आणि पोर्शे टाइप ६४ अशी ही चार नावे.

या गाड्यांविषयी वाचताना एकच आकडा वारंवार समोर येतो. हवेच्या विरोधाचा हा गुणांक, जितका कमी तितकी गाडी हवा सहज कापते; जर्मन लोक त्याला ‘त्से-वे’ म्हणतात. रुम्प्लर ०.२८, काम कूपे ०.२५, श्लोर ०.१८६. त्या काळच्या उभ्या पेटीसारख्या गाड्यांचा हाच आकडा ०.६ च्या वर असे. इतका फरक असूनही या गाड्या रस्त्यावर का आल्या नाहीत, या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते ते ‘युद्ध’. पण रुम्प्लरची गाडी १९२५ मध्येच बंद झाली, तेव्हा युद्ध संपून सात वर्षे झाली होती आणि दुसरे सुरू व्हायला चौदा वर्षे होती. ते उत्तर मला पुरत नाही. आकार स्वतःच्या हाताने कोरताना काही निराळे सापडते का, ते पाहायचे आहे.

१४ जानेवारी २०२४, म्युनिक

डॉइचेस म्युझियमच्या वाहतूक विभागात थेंबगाडीसमोर जवळजवळ दोन तास उभा होतो. सुमारे शंभर गाड्या बनल्या आणि त्यांपैकी दोनच उरल्या : एक येथे, दुसरी बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात.

छायाचित्रांत जे कधीच नीट कळत नाही ते समोर उभे राहिल्यावर पहिल्या मिनिटात कळते. ही गाडी थेंबासारखी आहे ती वरून पाहिल्यावर. बाजूने पाहिली तर ती बरीचशी सरळ, उंच, एखाद्या होडीवर काचेची खोली ठेवावी तशी दिसते. रुम्प्लर मूळचे विमाने बांधणारे; पहिल्या महायुद्धापूर्वी ‘टाउबे’ हे विमान त्यांच्याच कारखान्यातून बाहेर पडले. त्यांनी विमानाचा पंख जणू उभा करून त्याच्या आत माणसे बसवली, त्यामुळे हवा टपावरून न जाता दोन्ही कुशींवरून मागे सरकते. या रचनेत चालक एकटाच सर्वांत पुढे मध्यभागी बसतो, प्रवासी त्याच्या मागे रुंद भागात, आणि त्यांच्या मागे निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत इंजिन. खिडक्यांच्या काचाही कुशीप्रमाणे वळवलेल्या आहेत, आणि १९२१ साली वळवलेली काच ही किती खर्चाची बाब असेल याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. सीमेन्स आणि हाल्स्के यांनी बनवलेले सहा सिलिंडरचे इंजिन दोन-दोनच्या तीन रांगांत, डब्ल्यूच्या आकारात होते आणि ताकद ३६ अश्वशक्ती. ते इंजिन सतत कुरकुरे; पुढे त्याच्या जागी डाइमलरचे चार सिलिंडरचे इंजिन बसवले गेले. मागच्या चाकांची स्वतंत्रपणे हलणारी अर्धी धुरी मात्र काळाच्या पुढची होती. बेन्झ कंपनीने परवाना घेऊन १९२३ मध्ये याच मांडणीवर शर्यतीची गाडी बनवली आणि मोंझाच्या शर्यतीत तिने चौथा व पाचवा क्रमांक मिळवला.

मी मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ एकच गोष्ट शोधत होतो, आणि ती तिथे नव्हती. सामान ठेवायला जागाच नाही. शेपटीत इंजिन, नाकात चालकाचे पाय, मध्ये माणसे. काही गाड्या बर्लिनमध्ये टॅक्सी म्हणून चालल्या; स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशाच्या पेट्या टॅक्सीवाला कुठे ठेवत असेल?

२७ जानेवारी २०२४

रुम्प्लरचे मॉडेल आज पूर्ण झाले, आणि अपेक्षेपेक्षा फारच लवकर. लिंडनचे लाकूड मऊ आणि एकसारख्या रेषेचे असल्यामुळे पटाशी अडकत नाही. पण लवकर होण्याचे खरे कारण आकारात आहे. वरून दिसणारी रूपरेषा करवतीने कापली की ऐंशी टक्के काम झालेच. बाजूच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्याने एकाच दिशेची वक्रता सांभाळायची असते. पत्र्याच्या कारागिरालाही हे सोपे गेले असणार, कारण एका दिशेने वाकवलेला पत्रा ठोकून फुगवावा लागत नाही.

बाबांना फोनवर चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “शेपूट झकास आहे रे, पण डिकी कुठं हाय हिची?” बर्लिनच्या गिऱ्हाइकाने शंभर वर्षांपूर्वी हेच विचारले असावे.

१९७९ मध्ये फोक्सवागेनच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून मोजण्याच्या बोगद्यात, संग्रहालयाची गाडी ठेवून मोजमाप झाले तेव्हा ०.२८ हा आकडा आला. चाके उघडी, त्यांच्यावर लहान पंखांसारखे आडवे मडगार्ड, तरीही ०.२८. रुम्प्लर यांना हे पाहता आले नाही. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली, व्यवसाय संपला, आणि १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

११ फेब्रुवारी २०२४

श्लोरवागेन हातात घेतली आहे, आणि येथे रुम्प्लरच्या लाकडाने दिलेला आत्मविश्वास गळून पडला.

कार्ल श्लोर हे ग्योटिंगेनच्या वायुगतिकी संशोधन संस्थेतले अभियंता. सीमास्तराची, म्हणजे अंगाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना १९०४ मध्ये मांडणारे लुडविग प्रांटल यांनी उभारलेली ही संस्था. विमानाच्या पंखांचे शेकडो छेद तिथे मोजून ठेवलेले होते. श्लोर यांनी त्यांतून जमिनीलगत सर्वांत कमी विरोध देणारे छेद निवडले आणि पंखाचाच एक तुकडा रस्त्यावर आडवा ठेवावा तशी गाडी काढली. त्याखाली मर्सिडीझ १७० एच या मागे इंजिन असलेल्या गाडीचा सांगाडा होता आणि वरचे ॲल्युमिनियमचे अंग एसेनच्या लुडेविग बंधूंच्या कारखान्यात बनले. १९३९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली गेली. लोकांनी तिला ‘ग्योटिंगेनचे अंडे’ म्हटले, आणि खरोखरच ती दिसायला अंड्यापेक्षा फारशी निराळी नाही.

लांबी ४.३३ मीटर, उंची १.४८ मीटर, रुंदी २.१० मीटर. माझ्या मॉडेलसाठी ४३३, १४८ आणि २१० मिलिमीटर. येथे माझी चूक झाली. एका जुन्या छायाचित्रावरून रेषा काढताना रुंदी १९० मिलिमीटरच्या आसपास येत होती, डोळ्यालाही तीच बरी वाटली, आणि छापील २१० हा आकडा कुणीतरी फुगवून सांगितला असेल असे गृहीत धरून मी ठोकळा त्याप्रमाणे कापला.

१२ फेब्रुवारी २०२४

काल रात्री मॉडेलच्या पोटात पुढच्या चाकांसाठी पोकळी कोरली. चाके सरळ होती तोपर्यंत सारे ठीक होते. नंतर वळणावर जशी तिरपी होतील तशी फिरवून बसवू पाहिली आणि डाव्या चाकाची कड कुशीतून आरपार बाहेर आली. चार मिलिमीटर जाडीची भिंत तिथे उरलीच नाही.

तेव्हा २.१० मीटरचा अर्थ उमगला. रुम्प्लरने चाके उघडी ठेवली म्हणून त्याचे अंग अरुंद राहिले. श्लोर यांना चाके अंगाच्या आत पूर्ण झाकायची होती, कारण उघड्या फिरत्या चाकाइतका हवेचा चुथडा दुसरे काहीच करत नाही. पण झाकलेल्या चाकाला वळायला जागा हवी, ती जागा अंगाच्या आतच द्यायची, आणि अंगाची रेषा तर कुठेही मोडायची नाही. मग अंग रुंद होते, आणि मूळ १७० एच पेक्षा जवळजवळ अर्धा मीटर रुंद होते. गाडी किती रुंद असावी हे येथे हवेने ठरवलेले नाही, स्टिअरिंगने ठरवले आहे. छापील आकड्यावर अविश्वास दाखवणाऱ्याचा लाकडाचा एक चांगला ठोकळा वाया गेला, हे वहीत नोंदवून ठेवतो.

नवा ठोकळा दोन फळ्या चिकटवून करावा लागेल. एवढ्या रुंदीचे एकसंध लाकूड माझ्याकडे नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

चिकटवलेल्या फळ्यांचे शिकंजे सुटेपर्यंत हिशेब करून पाहिला. गाडीला हवेचा जो अडथळा होतो तो केवळ गुणांकावर ठरत नाही; गुणांकाला समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाने गुणावे लागते. श्लोरचे समोरचे क्षेत्रफळ सुमारे २.५ चौरस मीटर, म्हणजे गुणाकार ०.४७ च्या आसपास. ताशी १०० किलोमीटर वेगाला केवळ हवा कापायला साधारण सहा किलोवॅट, म्हणजे आठ अश्वशक्ती. १९३९ साठी हे विलक्षणच आहे.

आता याच्या शेजारी २०१३ ची फोक्सवागेन एक्सएल-१ ठेवली. तिचा गुणांक ०.१८९, म्हणजे श्लोरपेक्षा किंचित वाईटच. पण दोन माणसे थोडी पुढेमागे बसवून आणि रुंदी १.६७ मीटरवर आणून समोरचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर केले, त्यामुळे गुणाकार ०.२८ वर आला. आकड्याच्या स्पर्धेत बरोबरी, रस्त्यावर मात्र जवळजवळ निम्मा फरक. त्याही फक्त २५० बनल्या, तेव्हा पाऊणशे वर्षांनीही ही जात विरळाच राहिली असे म्हणावे लागते.

श्लोरची प्रत्यक्ष चाचणी मात्र खोटी ठरवता येत नाही. त्याच इंजिनावर मूळ १७० एच ताशी १०५ किलोमीटर जाई, तर श्लोरवागेन सुमारे १३५ गेली, आणि इंधन १०० किलोमीटरला १० ते १२ लिटरवरून ८ लिटरवर आले. नवे अंग जवळजवळ २५० किलो जड असूनही.

२४ फेब्रुवारी २०२४

सकाळी त्सुफेनहाउझेनला पोर्शे संग्रहालयात टाइप ६४ च्या कोऱ्या ॲल्युमिनियम अंगाच्या प्रतिकृतीभोवती फिरलो आणि ही चौथी गाडी प्रकल्पातून वगळायचे ठरवले. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हायच्या बर्लिन ते रोम शर्यतीसाठी फोक्सवागेनच्या भागांवर तीन गाड्या उभारल्या होत्या. शर्यत झालीच नाही. म्हणजे ही गाडी बाजारासाठी नव्हतीच, आणि माझा प्रश्न तिला लागू होत नाही. शिवाय प्रत्येक इंचावर दोन्ही दिशांनी वळणारा तो पत्रा लाकडात उतरवायला माझा हात तयार नाही, हे कारणही प्रामाणिकपणे लिहून ठेवले पाहिजे.

तिची पुढची कथा मात्र गमतीची आहे. ऑस्ट्रियाचे शर्यतपटू ओट्टो माथे यांनी युद्धानंतर यांतली एक विकत घेऊन १९९५ मध्ये मृत्यू होईपर्यंत जपली, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात तिची बोली पडद्यावर ७ कोटी डॉलरपर्यंत चढली. मग लिलाव पुकारणाऱ्याने सांगितले की आपण ‘सेव्हन्टीन’ म्हणत होतो, ‘सेव्हन्टी’ नव्हे. सभागृहात आरडाओरडा झाला आणि गाडी विकली गेली नाही.

१६ मार्च २०२४

काम कूपे. हे ‘काम’ म्हणजे प्राध्यापक वुनिबाल्ड काम, ज्यांनी १९३० मध्ये याच शहरात मोटारगाड्यांची संशोधन संस्था स्थापन केली. आपल्या कामाशी या नावाचा संबंध नाही, हा खुलासा घरी दोनदा करावा लागला.

थेंबाची शेपटी लांब असावी लागते, नाहीतर हवा अंग सोडते आणि मागे भोवरे उठतात. पण लांब शेपटी म्हणजे वजन, आणि रस्त्यावर निरुपयोगी लांबी. यावरचा तोडगा असा की जिथपर्यंत हवा अंगाला चिकटून येते तिथपर्यंत अंग निमुळते करत आणायचे आणि पुढचा भाग सरळ कापून टाकायचा. कापलेल्या तोंडामागे भोवरे होतात, पण ते लहान. या कल्पनेचे पेटंट राइनहार्ड फॉन क्योनिश-फाक्सेनफेल्ड यांचे होते, नाव लागले ते काम यांचे. १९४० च्या मिल्ले मिल्या शर्यतीत बीएमडब्ल्यूने हे कूपे उतरवले, पण ते शर्यत पूर्ण करू शकले नाही आणि विजय त्याच्याच सोबतच्या, इटलीतल्या तूरिंग कारखान्याने अंग चढवलेल्या ३२८ ला मिळाला. मूळ कूपे उरलेले नाही. बीएमडब्ल्यूने नंतर त्याची प्रतिकृती उभारली.

लाकडात शेपटी कापताना हात थबकला. तीन आठवडे घासून गुळगुळीत केलेली रेषा बारीक दात्यांच्या करवतीने आडवी तोडायची म्हणजे नुकत्याच काढलेल्या रांगोळीवरून पाय फिरवण्यासारखे वाटते. कापल्यावर लक्षात आले की त्या सपाट तोंडाला एक दार लावता येते. इतर दोन मॉडेल्सना ते कुठेच लावता येत नाही.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

गुढी खिडकीत उभारून तळघरात गेलो. मॉडेल्सवर वारा सोडून पाहण्यासाठी प्लायवूडचा बोगदा तयार आहे, मागे जुना कारखानी पंखा, पुढे हवा सरळ करायला कागदी नळ्यांची जाळी. पहिला आराखडा ६० सेंटिमीटर चौकोनी होता, पण श्लोरचे मॉडेल त्याचा सात टक्के भाग अडवते आणि पाच टक्क्यांच्या वर गेले की बोगद्याच्या भिंतीच वाचन बिघडवतात, म्हणून तो ७५ सेंटिमीटर केला. बोगदा रुंद झाल्यावर वेग सेकंदाला सहा मीटरवर उतरला.

सहा मीटर वेगाला श्लोरच्या मॉडेलवर येणारा अपेक्षित जोर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा-अकरा ग्रॅम इतकाच आहे. एवढ्या जोरात मॉडेल काट्याला जोडणाऱ्या माझ्या दोऱ्याचे घर्षण मिसळते. त्याहून मोठी अडचण रेनॉल्ड्स अंकाची. वेग, लांबी आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा हा अंक जुळला नाही तर मॉडेलभोवतीची हवा खऱ्या गाडीभोवतीच्या हवेसारखी वागत नाही. खरी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना तो सुमारे ८० लाख असतो, माझ्या मॉडेलचा जेमतेम पावणेदोन लाख. जवळजवळ ४६ पटींचा फरक. लहान मॉडेलभोवतीचा सीमास्तर संथ असल्याने तो लवकर थकून अंग सोडतो. म्हणून तळघरातून त्से-वेचा एकही आकडा या वहीत येणार नाही.

मॉडेल आणि खरी गाडी यांच्यात फरक पडतो हे मोठ्या प्रयोगशाळांनाही चुकलेले नाही. १९७० च्या दशकात फोक्सवागेनने श्लोरचे मॉडेल मोजले तेव्हा ०.१५ आले, खऱ्या गाडीवर ०.१८६ आले होते. खऱ्या गाडीला दारांच्या फटी असतात, इंजिन थंड करणाऱ्या हवेची वाट असते, खाली चाकांची भोके असतात. ०.१८६ हा आकडा मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो.

२० एप्रिल २०२४

आकड्यांऐवजी लोकरीचे धागे. तीन सेंटिमीटरचे तुकडे अंगभर चिकटवले आणि पंखा सुरू केला. श्लोरच्या शेपटीवरचे धागे पहिल्या वेळी वेड्यासारखे फडफडले, म्हणजे हवा तिथे अंग सोडून गेली होती. नाकाजवळ खरखरीत काचकागदाची पाच मिलिमीटरची पट्टी चिकटवल्यावर सीमास्तर खळबळला, त्याला अंग धरून राहण्याची ताकद मिळाली, आणि शेपटीवरचे धागे निम्म्याहून अधिक शांत झाले. नाक खरखरीत केल्यावर शेपूट सुधारते, हे पुस्तकात अनेकदा वाचले होते. डोळ्यांनी पाहिल्यावर मी पंखा चार वेळा बंद-चालू केला.

२१ एप्रिल २०२४

आज बाजूच्या वाऱ्याची चाचणी, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली हीच महत्त्वाची.

प्रत्येक मॉडेल त्याच्या खऱ्या गाडीच्या वजनाच्या मध्याजवळ सुईवर असे टेकवले की ते वाऱ्यात मोकळेपणाने फिरू शकेल. सुई कुठे लावायची हे इंजिन कुठे आहे त्यावर ठरते. रुम्प्लर आणि श्लोरला ती मागच्या धुरीकडे सरकवावी लागली, बीएमडब्ल्यूचे इंजिन पुढे असल्याने तिला पुढे. मग नाक वाऱ्याकडे धरून सोडले. श्लोर एक क्षण थरथरली आणि आडवी झाली. पुन्हा नाक समोर केले, पुन्हा आडवी. गोल फुगीर नाकावर वाऱ्याचा जोर पुढे पडतो, वजन मात्र मागे आहे, आणि शेपटी इतकी निमुळती की तिला धरून ठेवायला पृष्ठभागच नाही. बाणाला मागे पिसे का लावतात, ते उलट्या बाजूने सिद्ध झाले. रुम्प्लरही फिरली, पण सावकाश. तिच्या उंच सरळ कुशी मागेपर्यंत जातात. काम कूपे डुलत राहिली, आडवी झाली नाही.

खरी श्लोरवागेनही बाजूच्या वाऱ्यात अस्थिर असे. कागदावर सर्वांत सुंदर असलेली गाडी नव्या ऑटोबानच्या एखाद्या पुलावर, ताशी १३५ वेगात, बाजूने झोत आल्यावर कशी वागली असती, ते मला तळघरात ताशी बावीस किलोमीटर वाऱ्यात दिसले.

५ मे २०२४

रंगाचा पहिला हात झाला. श्लोरला चंदेरी, कारण तिचे अंग ॲल्युमिनियमचे होते.

तिचा शेवट मला राहून राहून आठवतो. १९४२ मध्ये तिच्या मागे युद्धात हाती लागलेले सोव्हिएत विमानाचे १३० अश्वशक्तीचे इंजिन आणि पंखा बसवून ती ग्योटिंगेनमध्ये फिरवली गेली, म्हणजे पंखाच्या छेदातून जन्मलेल्या गाडीला शेवटी प्रोपेलरही मिळाला. ऑगस्ट १९४८ मध्ये ती संस्थेच्या आवारात मोडक्या अवस्थेत पडलेली होती. श्लोर यांनी निदान अंग तरी परत मिळावे म्हणून ब्रिटिश लष्करी प्रशासनाकडे प्रयत्न केले, ते फळले नाहीत, आणि गाडी त्यानंतर कुणाला दिसली नाही.

बाबांना तिन्ही मॉडेल्स एका रांगेत ठेवून दाखवली. त्यांनी श्लोरच्या पोटाची बाजू कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, चाकांच्या पोकळ्या पाहिल्या आणि विचारले की पंक्चर झाल्यावर चाक बाहेर कसे काढायचे. झाकण उघडण्याची सोय मी कोरलेलीच नाही. पुढच्या शनिवारी दोन्ही कुशींवर झाकणाच्या रेषा कोरायच्या आहेत. मग त्या रेषांवर पुन्हा धागे चिकटवून पंखा लावायचा आहे.